जुन्या मोटारीचे नवे अंग

मोटारीच्या पत्र्याविषयी एखाद्या धर्मगुरूने लिहावे, आणि तेही या त्रैमासिकाच्या पानांवर, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या नगर जिल्ह्यात हा विषय तितका परका नाही. (सरकारदरबारी २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. जुने नाव असो वा नवे, बोलताना आम्ही आपले ‘नगर’च म्हणतो.) शहरात रणगाडा दलाचे केंद्र आहे, वाहनांचे संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण खात्याची संस्था आहे, ल्यूना काढणाऱ्या कायनेटिकचा कारखाना आहे, आणि तालुक्यातालुक्यांत साखर कारखान्यांची वर्कशॉपे आहेत. त्यामुळे पाना-हातोडी सराईतपणे हाताळणारे हात येथे गल्लोगल्ली सापडतात. निवृत्तीनंतर असे हात स्वस्थ बसत नाहीत. अंगणातील कडुनिंबाखाली ताडपत्रीने झाकलेली एखादी पद्मिनी, ॲम्बॅसॅडर किंवा जीप दिसली, की समजावे, येथे एका मोटारीचा जीर्णोद्धार चालला आहे.

जीर्णोद्धार हा शब्द मी मुद्दाम वापरतो. देवळाच्या आणि चर्चच्या बाबतीत आपण तो वापरतो, तेव्हा त्यात आदर गृहीत धरलेला असतो. जुन्या मोटारीला नवे अंग देताना आपण तिची सेवा करीत असतो, की तिच्याविषयी खोटे बोलत असतो? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. तो क्षुल्लक का नाही, हे सांगण्यासाठी मला आधी गंजाविषयी थोडे बोलले पाहिजे.

गंज बाहेरून येतो असे आपण समजतो. वस्तुतः मोटारीचा पत्रा बहुधा आतून सडतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. पालापाचोळा आणि माती साचून ती बुजली, की काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी तेथेच मुरते. हीच गत मडगार्डच्या आतल्या घडीची, डिकीच्या तळाची आणि पायाखालच्या जमिनीची. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. भंडारदरा-घाटघरचा डोंगरपट्टा सोडला तर येथे पाऊस बेताचाच पडतो, म्हणून येथे वाढलेल्या गाडीचे रबर उन्हाने तडकते, पण पत्रा बरा राहतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षे काढून आलेल्या गाडीचे तसे नसते. तिच्या तळाला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले, तर ते कागदातून जावे तसे आरपार जाते.

असा सडलेला भाग दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात आसने, काचा, पट्ट्या सारे उतरवावे लागते. वेल्डिंगची ठिणगी उडणार म्हणून पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी लागते, बॅटरी सोडवावी लागते. मग गंज जेथे संपतो तेथे न थांबता, चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जावे लागते. तितक्याच जाडीचा नवा पत्रा कागदी नमुन्यावरून बेतून, आतून ठोकळा धरून हातोडीने वळवून, थोडा थोडा टाका मारीत जोडावा लागतो. घाईने सलग वेल्डिंग केले, तर उष्णतेने पत्रा पापडासारखा वाकतो. जाडी जुळली नाही, तर जोडाच्या शेजारचा जुना पत्रा फाटतो. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याविषयी प्रभू येशूने जे सांगितले, ते पत्र्याचे काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. या कामात सुट्टीचे दिवस जातात, महिने जातात, आणि जेव्हा काम संपते तेव्हा त्यातले काहीही दिसत नाही.

दुसरा मार्ग पुट्टीचा. गंज वरवर घासावा, भोकात जाळी किंवा चिंध्या कोंबाव्यात, हार्डनर कालवून पुट्टीचा लपका भरावा, पाणी-कागदाने घासून गुळगुळीत करावे आणि वर झकास रंग मारावा. दोन दिवसांत गाडी आरशासारखी होते. पुट्टी स्वतः वाईट नाही, हे सांगितले पाहिजे. चांगला कारागीरही शेवटचा उंचसखलपणा भरण्यासाठी तिचा पातळ हात देतोच. पण गंजावर चढवलेली जाड पुट्टी ओल धरून ठेवते. खालचे लोखंड गंजत राहते, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागत असल्यामुळे एक-दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. तोवर गाडी विकली गेलेली असते.

माझ्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला एकदा सरळ विचारले, “फादर, पुट्टी भरून गाडी विकली तर ते पाप का? सगळेच तर विकतात. घेणारा डोळे घेऊनच येतो ना?” त्यांच्याजवळ वडिलांची पद्मिनी होती. ती दुरुस्त करून विकावी, की दुरुस्त करून ठेवावी, याचा त्यांच्या मनात झगडा चालला होता. एक तरुण टेम्पोचालक ती घ्यायला तयार होता, आणि बायको-मुलांना घेऊन सासुरवाडीला जाण्यासाठी त्याला ती हवी होती.

त्यांच्या प्रश्नाला उत्तर फार जुने आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते कोणालाही दिसते. विकणाऱ्याने त्याचा डांगोरा पिटला पाहिजे असे नाही, किंमत तेवढी रास्त लावावी. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकणारा माणूस गप्प राहिला, एवढ्याने निर्दोष ठरत नाही. तेराव्या शतकातील हा घोडा माझ्या डोळ्यांसमोर लगेच मोटार होऊन उभा राहिला. फाटलेले आसन, ओरखडा, विटलेला रंग हा आंधळा डोळा होय. पुट्टीखालचा सडका तळ हे मोडकळीचे घर आहे.

आणि पद्मिनीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण प्रश्नाचा निम्मा उलगडा तीत आहे. १९४७ पासून आपल्याकडे जोडल्या जाऊ लागलेल्या जीपला लोखंडी शिडीसारखी स्वतंत्र चौकट असते. इंजिन, चाके, सारे त्या चौकटीला बांधलेले असते, आणि वरचे अंग बोल्टांनी कसलेले असते. ते अंग उतरवून दुसरे बसवले, तरी जीप धावते. प्रीमियर पद्मिनी मात्र मुळात फियाट ११०० डी. तिला वेगळी चौकट नाही. तळ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छप्पर हे सारे मिळूनच तिचा सांगाडा बनतो. ॲम्बॅसॅडरचेही जवळपास तसेच. या गाड्यांमध्ये पत्रा म्हणजे वस्त्र नव्हे, हाडे आहेत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटो आणि थॉमस यांतील भेद आम्ही मोठ्या कष्टाने पाठ केला होता. प्लेटोच्या परंपरेत देह हे आत्म्याचे आवरण आहे. थॉमसच्या मते देहावाचून केवळ आत्मा म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. जीप प्लेटोची आणि पद्मिनी थॉमसची, असे म्हटले तर माझे जुने प्राध्यापक हसले असते, परंतु नापास केले नसते! असो. मुद्दा असा, की पद्मिनीच्या तळाला पुट्टी भरणारा मनुष्य तिचे नुसते रूप खोटे करत नाही. अपघाताच्या वेळी जे अंग आतल्या माणसांना सांभाळणार, ते तो खोटे करतो. त्या टेम्पोचालकाची मुले मागच्या आसनावर बसणार होती, आणि त्या आसनाखालच्या पत्र्याची अवस्था विकणाऱ्याला ठाऊक होती. ‘सगळेच विकतात’ हे वाक्य त्या मुलांसमोर उच्चारता येणार नाही.

गॅरेजवाल्यांपाशी यावर एक साधे साधन आहे, ते म्हणजे लोहचुंबक. फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक अंगावरून फिरवीत गेले, की पत्र्याला ते चिकटते आणि जाड पुट्टीवरून घसरते. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ते खिशात ठेवावे. पण नीतीचा प्रश्न घेणाऱ्याच्या खिशातील लोहचुंबकावर सोपवून विकणाऱ्याला मोकळे होता येत नाही, हेच तर थॉमस सांगतात.

येथवरचे सोपे होते. खरी अडचण यापुढे आहे. समजा, त्या गृहस्थांनी प्रामाणिक मार्ग धरला, सारा सडका पत्रा कापून काढला आणि नवा बसवला. तळ नवा, मडगार्ड नवे, दारांचे खालचे भाग नवे, रंग नवा. मग ही वडिलांची गाडी राहिली का?

प्लुटार्कने थेसियसच्या चरित्रात अथेन्सच्या एका जहाजाची गोष्ट सांगितली आहे. लोक त्याची कुजलेली फळी काढीत आणि नवी बसवीत. जहाज तेच की निराळे, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोडी काढली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते? मोटारींच्या जगात ही कल्पना कल्पना राहत नाही. भंगारात गेलेल्या गाडीचा क्रमांक कापून दुसऱ्या अंगावर जोडण्याचे उद्योग करणारे लोक असतात, आणि ते हॉब्ज वाचून ते करतात असे मला वाटत नाही.

१९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटली मोटारीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉं येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले, अंग बदलले. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिचा भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि त्यानंतर ती पुन्हा नव्याने बांधली गेली. साठ वर्षांनी ती एक कोटी पौंडांना विकायचे ठरले, तेव्हा घेणाऱ्यांनी हरकत घेतली की शर्यत जिंकणाऱ्या गाडीतले हिच्यात जवळजवळ काहीच उरलेले नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी पुरावा तपासला. जुने भाग खरोखरच अत्यल्प निघाले. तरीही त्यांनी निर्णय दिला, की ही गाडी ‘मूळची’ म्हणता येणार नाही, पण ‘अस्सल’ म्हणता येईल. ती कधी एका क्षणी संपून दुसरी सुरू झाली, असे घडलेच नाही. तिची परंपरा अखंड होती आणि प्रत्येक बदल उघडपणे झालेला होता.

मला हा निर्णय पटतो. थॉमस मानवनिर्मित वस्तूंना आत्मा मानत नाहीत. घर, जहाज, मोटार यांचे रूप म्हणजे केवळ भागांची मांडणी. म्हणजे मोटारीच्या आत तिचे ‘तेच-पण’ जपणारे काही नाही. ते जपले जाते तिच्या इतिहासात, आणि तो इतिहास सांगणाऱ्या माणसांत. माणसाला निदान स्वतःविषयी साक्ष देता येते. मोटारीला ती सोय नाही. तिच्याविषयीचे सत्य सर्वस्वी आपल्या ओठांवर अवलंबून असते.

यामुळेच, घरच्या घरी गाडीचे रूप बदलणाऱ्या तरुणांविषयी माझे मत पुष्कळांच्या मताहून वेगळे आहे. मूळ रूपाचे कट्टर भक्त त्यांना विध्वंसक म्हणतात. पिवळाधमक रंग, रुंद चाके, कापलेले छप्पर हे मलाही सुंदर वाटत नाही. परंतु त्यात खोटेपणा कोठे आहे? ती गाडी उघड उघड सांगते, की मला बदललेले आहे. याउलट एखादा हौशी संग्राहक नवीन ठोकलेल्या पत्र्यावर जुनाट रंगाची कळा आणून ‘कारखान्यातून आली तशीच’ म्हणून ती मिरवतो, तेव्हा त्याच्या निर्मळ दिसणाऱ्या छंदात असत्य शिरलेले असते.

शिवाय अंग बदलणे हा मोटारीच्या जन्मापासूनचा व्यवहार आहे. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन पाहावे. १९९४ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात देशोदेशींच्या रणगाड्यांच्या गर्दीत रोल्स-रॉईसची एक चिलखती गाडी उभी आहे. मुलांना तिच्यावरचा बुरूज आवडतो. मला तिचा सांगाडा विचार करायला लावतो. हा सांगाडा ‘सिल्व्हर घोस्ट’चा आहे. त्या काळी कंपनी फक्त इंजिन-चाकांसह चौकट विकत असे. श्रीमंत गिऱ्हाईक ती दुसऱ्या कारागिराकडे नेऊन तिच्यावर आपल्या मनाजोगते अंग चढवून घेई. मखमली आसने, शिसवी नक्षी, काय हवे ते. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश नौदलाने याच चौकटींवर पोलादी पत्रे आणि मशीनगनचा बुरूज चढवला. चार टनांच्या आसपास वजन झालेल्या त्या गाड्या वाळवंटातही धावल्या. ज्या चौकटीवर एखाद्या राजघराण्याचे वऱ्हाड बसायचे, तिच्यावर मृत्यू बसला. मोटारीचे अंग बदलण्यात नैतिक आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो ‘मूळ रूप मोडले’ म्हणून घेण्यापेक्षा ‘कशासाठी बदलले’ असे विचारून घ्यावा.

उलट दिशेचे उदाहरणही आमच्याच परिसरात आहे. नगरजवळच्या मेहेराझादमध्ये मेहेरबाबांची निळी बस जपून ठेवली आहे. १९३८-३९ मध्ये त्यांनी आपल्या अनुयायांसह तिच्यातून देशभर प्रवास केला. पुढे त्याच बसच्या अंगाची खोली झाली, आणि १९४९ मध्ये ते तिच्यात एकांतवासाला बसले. आमचा आणि त्यांच्या अनुयायांचा विश्वास भिन्न आहे. पण प्रवासाच्या गाडीची एकांताची कुटी व्हावी, या रूपांतराला दाद दिलीच पाहिजे.

कायदा मात्र माझ्याइतका उदार नाही, आणि तो तसा नसण्यास कारणे आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडवली, तेव्हा आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमात बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. मला वाटते, तो व्यवहार दोन्हीकडून सन्मानाचा झाला. रस्ता सर्वांचा असतो. आपल्या कल्पकतेची परीक्षा दुसऱ्याच्या जिवावर घेता येत नाही.

याच कायद्याने २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी नवा नियम केला. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, चौकट, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते आणि त्याला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकपट्टी मिळते. नियम उपयुक्त आहे. पण ‘मूळ रूप’ म्हणजे कोणत्या दिवसाचे रूप? नियमाला फक्त कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्याचा दिवस ठाऊक आहे. त्यानंतर गाडी ज्यांच्याबरोबर पन्नास वर्षे जगली, ते सारे त्याच्या दृष्टीने नुकसानीत जमा होते.

ज्या गृहस्थांविषयी वर लिहिले, त्यांची अडचण शेवटी येथेच येऊन थांबली. गाडी विकायची नाही, असे त्यांनी ठरवले. टेम्पोचालकाला त्यांनी तळाची खरी अवस्था दाखवली, आणि तोच म्हणाला, “काका, मग नको.” पुढे आठ-नऊ महिने खपून त्यांनी सारे पत्राकाम स्वतः केले. राहिला होता डाव्या मडगार्डवरचा एक पोचा. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेहून परतताना रात्रीच्या अंधारात त्यांच्या वडिलांनी गाडी बैलगाडीच्या जुवावर घातली होती. बैलांना, माणसांना काही झाले नाही, पण वडिलांनी तो पोचा कधी काढू दिला नाही. जुवाचे टोक कोठे लागले, ते बोट ठेवून दाखवीत. गृहस्थांच्या मुलाचे म्हणणे, एवढे सारे नवे केले आणि हा पोचा ठेवला तर काम अर्धवट दिसेल. ठोकळा लावून दहा मिनिटांत तो निघेल. दोघेही माझ्याकडे आले.

मी त्यांना संत ऑगस्टीनची आठवण सांगितली. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या अखेरीस ते पुनरुत्थित देहाविषयी लिहितात. रक्तसाक्ष्यांचे तोडलेले अवयव त्यांना परत मिळतील, देहात काही उणे राहणार नाही, परंतु त्यांच्या जखमांचे वण कदाचित राहतील, आणि ते तेथे व्यंग म्हणून दिसणार नाहीत, असे त्यांना वाटते. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे वण तर थोमाने पाहिलेच होते. मोटारीला मी स्वर्गात पाठवीत नाही. पण सडलेले बदलावे आणि सोसलेले ठेवावे, हा विवेक पत्र्याच्या कामातही चालतो, असे मी म्हटले. ऐतिहासिक वाहनांसाठी स्वीकारलेल्या तुरिनच्या सनदेतही, बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण असावी, असे सुचवले आहे, हेही त्यांना सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याचे म्हणणे, वण आजोबांचा आहे, गाडीचा नव्हे. यावर मला चटकन उत्तर सुचले नाही, आणि त्याचा मुद्दा मला अजूनही निकालात काढता आलेला नाही.

त्यांनी काय केले, ते सांगतो. नव्या प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूने, आसन उचलल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पंचने महिना आणि वर्ष ठोकले. गाडीचा रंग मुलाच्या आवडीचा, गडद हिरवा झाला, आणि त्याची नोंद परिवहन कार्यालयात केली. पोच्यावर पुट्टी भरली नाही. तेथे नुसता रंग दिला आहे, आणि लोहचुंबक तेथे चिकटते.